कार्यभार सोपविताना

नवा अधिकारी रुजू होताना जुन्याने दफ्तर आवरून, किल्ल्या सोपवून कार्यभार द्यावा, असा दंडक आहे. संगणकातही असे हस्तांतर रोज घडते. बटण दाबताच प्रथम जागी होते ती फर्मवेअर. ती डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड आदी उपकरणे सुरू करते, बूटलोडरला पाचारण करते आणि त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम कारभार हाती घेते. यासाठी यूईएफआय मानकात 'एक्झिट बूट सर्व्हिसेस' ही निश्चित पायरी आहे. तेथे फर्मवेअरने आपली उपकरणे शांत करून बाजूला व्हावे, ही अपेक्षा.

ती पाळली न गेल्यास काय होते? अनेक उपकरणांना प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहिण्याची मुभा असते. तिला डीएमए म्हणतात. 'ॲपल'च्या २०११ व २०१२ मधील काही मॅक संगणकांत फर्मवेअर ब्रॉडकॉम ४३३१ हे वाय-फाय कार्ड सुरू करी आणि हस्तांतरानंतरही तसेच सोडून देई. हवेतून आलेली पाकिटे हे कार्ड मेमरीत लिहीत राही. ती जागा मात्र आता नव्या कारभाऱ्याची असे. अखेर २०१६ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रारंभीच हे कार्ड रीसेट करण्याची तरतूद करावी लागली. चूक एकाची, निस्तरली दुसऱ्याने!

त्याच वर्षी उल्फ फ्रिस्क या संशोधकाने आणखी एक उणीव दाखवून दिली. कुलूपबंद मॅकच्या थंडरबोल्ट खाचेत उपकरण जोडून तो पुन्हा सुरू केला की, डिस्क उघडण्याचा पासवर्ड मेमरीतून वाचता येत असे. डिसेंबर २०१६ च्या सुधारणेत 'ॲपल'ने ही वाट बंद केली.

यावर पहारेकरी आहे. आयओएमएमयू हा घटक कोणत्या उपकरणाने मेमरीच्या कोणत्या भागात जावे, हे ठरवितो. परंतु पहारेकरी वेळेवर हजर हवा. एसूस, गिगाबाइट, एमएसआय व एएसरॉक यांच्या काही मदरबोर्डांवर हे संरक्षण चालू असल्याचे फर्मवेअर सांगत असे. प्रत्यक्षात आरंभीच्या क्षणांत ते कार्यान्वितच होत नसे, हे डिसेंबर २०२५ मध्ये उघड झाले. लिनक्सने २०२० पासून हस्तांतराच्या वेळीच उपकरणांचा डीएमए तोडण्याचा पर्याय दिला आहे. मात्र काही यंत्रांची फर्मवेअर त्याने अडखळते, म्हणून तो सरसकट लागू करता येत नाही.

फर्मवेअर बहुधा बंदिस्त असते. तिच्यातील चूक ग्राहकाला दिसत नाही आणि दुरुस्तीसाठी निर्मात्याकडेच पाहावे लागते. म्हणूनच बायोसच्या सुधारणा टाळू नयेत आणि संगणक अनोळखी हाती सोडू नये. पण खरे उत्तरदायित्व निर्मात्यांचे. पहारा लावल्याची नोंद वहीत असून चालत नाही. पहारेकरी दारात उभा असावा लागतो.