अठ्ठेचाळीस अधिक तीन

रमजानमधली गोष्ट. मगरिबच्या अजानला दोन मिनिटं होती. गडबडीत आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, दारातल्या चपलांच्या ढिगात पाय अडकून पडल्या. हाड मोडलं नाही, अलहम्दुलिल्लाह. पण मनगट महिनाभर सुजलेलं होतं. विजापूर वेशीजवळच्या आमच्या घरात माणसं सहा, प्रत्येकाचे दोन जोड, आणि सगळे उंबऱ्यापाशी.

ईद झाल्यावर बाजारातून तयार रॅक आणायचं ठरलं. अम्मींनी एकच विचारलं, ‘‘उसपर बैठनेकू आता क्या?’’ तेव्हा लक्षात आलं, त्या रोज भिंतीला धरून, एका पायावर उभ्या राहून सँडल घालतात. म्हणजे आम्हाला नुसता रॅक नको होता, बाकडं हवं होतं.

खिडक्या बदलल्या तेव्हा निघालेल्या सागवानी चौकटी माळ्यावर पडून होत्या. ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. रविवारी ते आले ते मुलाला घेऊनच. मुलगा माझ्याच वर्गातला, नववीचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात मीच शेरा लिहिला होता : ‘गणितात कच्चा. लक्ष नाही.’ आणि एकदा भर वर्गात म्हणाले होते, ‘‘अभ्यास केला नाही, तर रंधा मारत बसाल.’’ तो पहिल्या बाकावर होता.

मी कागदावर आकृती काढून ठेवली होती. एका जोडाला आठ इंच, एका कप्प्यात सहा जोड. म्हणून लांबी चार फूट. त्यानं कागद पाहिला आणि हळूच म्हणाला, ‘‘टीचर, चार फुटांत सहा जोड बसत नाहीत.’’

‘‘का? सहा आठे अठ्ठेचाळीस.’’

‘‘दोन बाजूंचे पाय एकेक इंचाचे. वर दादी बसणार, म्हणून मधे एक आधार लागेल. तीन इंच तिथंच गेले. एक्कावन्न घ्या.’’

मिस्त्री खिळे उपसण्यात गुंतले होते, त्यांनी मानही वर केली नाही. त्यांच्या दृष्टीनं त्यात कौतुकासारखं काही नव्हतं.

उंचीही त्यानंच जुळवली. झाडू आत जावा आणि फरशी धुताना लाकूड भिजू नये म्हणून खाली चार इंच मोकळे. मग इंचभर पट्टी, बुटांसाठी सहा इंच, पुन्हा पट्टी, चपलांसाठी पाच इंच, वर बसायची फळी. बरोबर अठरा इंच, खुर्चीइतकी. खोली तेरा इंच, म्हणजे मोठ्या माणसाचा बूट बाहेर डोकावत नाही. कप्प्यांना सलग फळी न ठोकता पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवली. धूळ खाली पडते, पावसाळ्यात चपला वाळतात.

भगिनींनो, जुनं सागवान घरात असेल तर ते जळणात टाकू नका. त्याला वाळवी सहसा लागत नाही. मात्र आतला एकही खिळा राहिला तर रंध्याचं पातं तुटतं, म्हणून आधी चुंबक फिरवून घ्यावा. स्क्रूआधी बारीक भोक पाडावं, नाहीतर कडेला लाकूड चिरतं. वर जवसाचं तेल लावलं, तर तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप पेटू शकते. पसरून बाहेर वाळवावी.

चौकट जोडल्यावर पोरानं टेपनं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं माप घेतलं, मग दुसरं. दोन सुतांचा फरक होता. त्यानं चौकट किंचित दाबली, पुन्हा मोजलं. ‘‘आता गुण्यात आली.’’

मी म्हटलं, ‘‘बेटा, हे आपण वर्गात केलंय. आयताचे कर्ण समान असतात.’’

तो थांबला. ‘‘ते हेच होतं?’’

हा प्रश्न त्याच्यापेक्षा माझाच जास्त होता. वर्षभर मी फळ्यावर कर्ण काढत होते, आणि तो घरी रोज कर्ण मोजत होता. दोघांची भेट मी घालून दिली नव्हती.

निघताना मिस्त्री म्हणाले, ‘‘टीचर, याला या धंद्यातून बाहेर काढा.’’ मला चटकन उत्तर सुचलं नाही. हजरत जकरिया (अलै.) सुतार होते, हे सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे, मी ते मुलांना शिकवते. आणि त्याच तोंडानं रंध्याची भीती घालते. मिस्त्रींची काळजी खोटी नाही. गुडघे आणि कंबर त्यांची झिजली आहे. पण मुलाला शिकवायचं ते सुताराची लाज वाटावी म्हणून नव्हे.

सोमवारी मी वर्गात माझं ते वाक्य परत घेतलं. फळ्यावर माझी चुकलेली आकृती काढली आणि तीन इंच कुठे गेले, ते त्याला समजावून सांगायला लावलं. पुढच्या चाचणीत त्याला फार गुण पडले असं नाही. पण आता तो न समजलेलं विचारतो.

अम्मी रोज त्या बाकड्यावर टेकतात, बिस्मिल्लाह म्हणून आधी उजवी सँडल घालतात, मग डावी. भिंत धरावी लागत नाही.