बिनआरशाचा कॅमेरा टिकेल का?



यंदा गणेशोत्सवात बऱ्याच मंडळींनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. लेन्स बदलता येणारा तो छोटा मिररलेस कॅमेरा घ्यावा का, की चार वर्षांनी त्याच्या लेन्स मिळेनाशा होतील? म्हणून हा प्रपंच.

शंका अगदी वाजवी, कारण असे पूर्वी घडले आहे. १९९६ साली कोडॅक, फुजी, कॅनन, निकॉन व मिनोल्टा यांनी मिळून एपीएस ही नवी फिल्म आणली. नेहमीची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर, हिची सुमारे ३० बाय १७. त्यामुळे कॅमेराही आटोपशीर. मिनोल्टाने तिच्यासाठी व्हेक्टिस एस-१ काढला, पण त्याच्या लेन्स मिनोल्टाच्याच नेहमीच्या कॅमेऱ्यांना बसत नव्हत्या. कॅननने मात्र ईओएस आयएक्सला आपल्या चालू लेन्सच ठेवल्या. पुढे डिजिटल आले. २००४ मध्ये कोडॅकने हे कॅमेरे थांबवले, २०११ मध्ये फिल्मही बंद झाली. (२००५ मध्ये टोरोंटोच्या माउंट डेनिसमधला कोडॅकचा कारखानाच बंद पडला. आम्हा रसायनवाल्यांना ते जरा जास्तच लागले.) दोन्ही कॅमेरे आता शोभेचे, पण कॅननवाल्यांच्या लेन्स डिजिटलवरही चालल्या. व्हेक्टिसवाल्यांच्या कपाटात राहिल्या.

मिररलेसची गोष्ट निराळी. २००८ साली पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी-१ आला. आतला आरसा काढल्यामुळे लेन्सची बैठक सेन्सरच्या जवळ आली; कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यात ४४ मिलिमीटर असलेले अंतर येथे २० च्या आत. मधे एक धातूची रिंग घातली की कितीतरी जुन्या लेन्स बसतात! आमच्या मते हा प्रकार रुजला तो बराचसा या रिंगमुळे. २०१३ मध्ये सोनीने जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला ए-७ आणला, २०१८ मध्ये निकॉन व कॅननही त्याच वाटेने गेले, आणि २०२० मध्ये मिररलेसची संख्या आरशाच्या कॅमेऱ्यांपुढे गेली. सगळेच टिकले असे नाही. निकॉन-१ हा लहान सेन्सरचा प्रकार २०११ मध्ये आला नि २०१८ मध्ये संपला.

तेव्हा दुकानात आधी लेन्सची बैठक विचारा, मग कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल.

घरी वडिलांची जुनी लेन्स असेल तर टाकू नका. फोकस हाताने करावा लागेल, एवढेच. आधी ती उजेडाकडे धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती मुंबईच्या पावसाळ्यातली बुरशी; तिच्या आम्लाने काचेवरचा लेप खराब होतो.

आणि इथल्या थंडीबद्दल: सेन्सर व पडदा सतत चालू असल्याने मिररलेसची बॅटरी लवकर उतरते, उणे वीसमध्ये तर फारच. दुसरी बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. बाहेरून घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तासभर उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही.