दोष एकट्या आईचाच का?

‘हल्लीच्या आया मुलांच्या हातात मोबाइल देऊन मोकळ्या होतात,’ हे वाक्य आपण सगळ्याजणी येता-जाता ऐकतो. मोकळी होऊन ती बाई नेमके काय करते, हे मात्र कोणी विचारत नाही. कात्रपमधली नोकरदार बाई असेल तर ती कुकर लावते. सीएसएमटी ते बदलापूर अंतर सुमारे ६८ किलोमीटर. लोकलच्या गर्दीत दीडेक तास उभी राहून ती घरी पोहोचते. दिवसभर वाट पाहिलेले पोर बिलगते, रडते. स्वयंपाक तर व्हायचाच असतो. मग फोन दिला जातो.

त्याचा परिणाम होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलाला शांत करायला वारंवार मोबाइल देणे आणि पुढे त्याची चिडचिड वाढणे यांत त्यांना संबंध आढळला. मुलग्यांत तो अधिक ठळक होता. राग, हट्ट, रडू आवरायला मूल माणसांच्या सोबतीने शिकते. पण ते माणूस आईच असले पाहिजे, असे कुठे आहे? बापही लोकलनेच येतो आणि कितीतरी घरांत स्वतःचा मोबाइल घेऊन बसतो. त्याला कोणी बोल लावत नाही.

५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २०१७ मध्ये कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले. पण सकाळच्या गर्दीत मूल कडेवर घेऊन बदलापूरला लोकलमध्ये चढायचे कसे? पाळणाघर राहत्या वस्तीतच हवे, आणि विश्वासाचे हवे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. त्यानंतर मूल कोणाच्या भरवशावर सोडायचे, हा प्रश्न अधिकच बोचतो. ‘मिशन शक्ती’तील ‘पाळणा’ योजनेत ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद केली गेली. कात्रपसाठी ती मागायला आपण एकत्र यायला हवे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले, की संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. तो नियम मुलांना होता, तसा मोठ्यांनाही. घरोघर एकेकट्या आईने झगडायची गोष्ट गावाने आपली मानली. आपल्या इमारतींतही हे सुरू करता येईल. मात्र त्या दीड तासात पोळ्या कोण लाटणार आणि मुलाजवळ कोण बसणार, हेही त्याच बैठकीत ठरले पाहिजे.