सोळा वर्षे आणि चोवीस तास

गतवर्षी नामविस्तार दिनी वसतिगृहातील दहावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, एक नाव बदलायला सोळा वर्षे कशी लागली?" प्रश्नात उपहास नव्हता, निखळ आश्चर्य होते. तारखा त्याला मुखोद्गत होत्या. २७ जुलै १९७८, विधिमंडळाचा ठराव. १४ जानेवारी १९९४, नामविस्तार. (मागितले होते नामांतर, मिळाला विस्तार, तो विषय वेगळा.) एका गुणाचे उत्तर त्याने बिनचूक लिहिले असते. दोन तारखांमधले अंतर मात्र त्याला जाणवत नव्हते.

दोष त्याचा नाही. त्याची स्मृती आपणच परीक्षेसाठी राखून ठेवली आहे. दहावी झाली की लातूरचे शिकवणीवर्ग, पुढे 'नीट': १८० प्रश्न, १८० मिनिटे. मिनिटाला एक उत्तर आठवायचे आणि पुढे सरकायचे. उरलेला वेळ मोबाइल घेतो. तिथेही अंगठ्याने पुढेच सरकायचे. १४ जानेवारीला आपणा साऱ्यांच्या मोबाइलवर निळे 'स्टेटस' झळकते आणि चोवीस तासांत आपोआप पुसले जाते. अभिवादन केल्याचे समाधान तेवढे उरते.

१९७८ साली आम्ही तिसरीत होतो. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. घरातील मोठी माणसे रात्रभर जागी असत, एवढेच आम्हांस कळे. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले, तेव्हा आम्ही एम.ए. होऊन नोकरी शोधत होतो. आमच्या पदवीपत्रावर 'मराठवाडा विद्यापीठ' एवढेच नाव आहे. ते आम्ही त्या विद्यार्थ्यापुढे ठेवले. तो बराच वेळ पाहत राहिला. "म्हणजे तुमचं सगळं शिक्षण संपलं, तरी झालं नव्हतं?" त्याने विचारले.

पाठांतराला आमचा विरोध नाही. बुद्धवचने ग्रंथबद्ध होण्यापूर्वी कित्येक शतके भिक्खुसंघाने ती मुखानेच जपली. पण एकत्र बसून, एकमेकांचे ऐकत. पालीतील 'सति' या शब्दात स्मरण आणि सावधपण दोन्ही आहेत. आपण मुलांकडून स्मरण तेवढे मागतो.

तेव्हा विशीत असलेले कार्यकर्ते आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मुले गावी येतील. पालकांनी एक संध्याकाळ त्यांचा मोबाइल, आणि स्वतःचाही, बाजूला ठेवावा. वस्तीतील अशा एखाद्या आजोबांजवळ, आजीजवळ त्यांना बसवावे. ऐकलेले लिहून आणण्यासाठी वही शाळा देईल.