ज्याची पाळी, तो मुकादम

मंडळी, दुबई म्हटलं की तुम्हाला बुर्ज खलिफा आठवतो. माझं ऑफिस मात्र अल क्वोजमध्ये. गोदामं, गॅरेजं आणि लेबर कँपच्या गर्दीत. परवा आमच्या वेल्डरच्या खोलीवर जेवायला गेलो. आठ माणसं, चार भाषा! भिंतीवर कागद: स्वयंपाक, भांडी, बाजार, हिशेब. नावं दर आठवड्याला बदलतात. पूर्वी सगळं एकाकडेच होतं. तो सुट्टीवर गावी गेला की मेस बंद. आता "मुकादम कोण?" विचारलं तर हसले. "ज्याची पाळी, तो!"

मला गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आठवलं. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. सर्वसहमतीला वेळ लागतो, मान्य. पण निर्णय सगळ्यांचा असला की राखणही सगळेच करतात.

आपण मात्र सोसायटीच्या टाकीपासून गावच्या तळ्यापर्यंत एक 'साहेब' शोधतो. साहेब गेला की काम ठप्प! पुढाकार कुणीतरी घ्यावाच, पण किल्ली एकाच खिशात नको.

असो. तुमच्याकडे हिशेबाची वही कोणाकडे असते हो?