बर्फाखालचा कच्चा थर

पावसाळ्यात कळंगुटच्या किनाऱ्यावर लाल बावटा फडकत असतानाही घाटावरचा पर्यटक समुद्रात उतरतो, तेव्हा आम्ही गोमंतकीय त्याच्या अज्ञानास बोल लावतो. गुलमर्गच्या बर्फावर गेल्यानंतर आमचे शहाणपण कोठे असते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

1 फेब्रुवारी 2023 रोजी तेथील अफरवात शिखराच्या उतारावर हिमलोटाखाली दोन पोलिश स्कीपटू गतप्राण झाले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी एका रशियनाचा बळी गेला. 2010 च्या फेब्रुवारीत तर जवळच्याच खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणारे लष्कराचे 17 जवान गाडले गेले.

बर्फ फार साचले की ते घसरते, हा समज अर्धाच खरा आहे. घात बहुधा तळाशी शिजत असतो. हिवाळ्याच्या आरंभीचे बर्फ जेमतेम हातभर असले आणि मागून कित्येक आठवडे कोरडी, कडाक्याची थंडी पडली, तर जमिनीलगतचा थर शून्य अंशाच्या आसपास व पृष्ठभाग त्याहून पुष्कळ थंड राहतो. या तफावतीमुळे खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण जाड्या साखरेसारखे सुटे होतात. मुठीत लाडू वळू म्हटले तर वळत नाही. पुढे मोठा हिमवर्षाव होऊन त्यावर दोन-तीन फुटांची लादी बसते. ती भक्कम दिसते, पण तिला पाया नसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाचा भार पडताच तळ खचतो, भेग पळत जाते व सारी लादी निखळते. स्कीपटूंचा जीव घेणारे बहुतेक हिमलोट त्यांनी स्वतः अथवा सोबत्यांनीच सुरू केलेले असतात!

2024 चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडाच गेला. फेब्रुवारीत भरभरून बर्फ पडले आणि सर्वत्र आनंद झाला. जाणत्याने धास्तावावे असा हाच क्रम.

संरक्षण खात्याची चंडीगढ येथील संशोधन संस्था हिमलोटाचे इशारे देत असते. आखलेला मार्ग सोडून पुढे जाणारे आमचे तरुण ते वाचतात काय? प्रत्येकाजवळ संकेत देणारे यंत्र, चाचपण्याची सळई व फावडे असते काय? गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तरच मोठी आशा. तेवढ्यात बाहेरची मदत क्वचितच पोहोचते. सोबत्यानेच त्याला उकरून काढायचे असते. बर्फातील सहलींच्या जाहिराती आम्हीही पाहतो. त्यांत लोकरी कपड्यांची यादी असते. फावड्याचा उल्लेख आमच्या तरी दृष्टीस पडलेला नाही.