भूत नको, जिवंत अण्णाच बरे!

'रात्रीस खेळ चाले'चा कुठला भाग भारी, यावर आमच्या विट्यात आणि गलाईच्या धंद्यापायी कोइमतूरला गेलेल्या भावकीत अजून फोनवर वाद होतात. बहुतेकांचं मत, तिसरा (२०२१). का? तर भुतं जास्त! मला हे अजिबात पटत नाही.

२०१६ ची पहिली मालिका सुरूच होते अण्णा नाईक मेल्यावर. २०१९ च्या दुसऱ्या भागात काळ मागे नेला आणि अण्णा जिवंत दाखवले. अण्णा झालेले माधव अभ्यंकर नुसते समोर आले तरी घरातल्यांचा आवाज खाली येतो. माई, पोरं, गडीमाणसं.. कुणाची नाही म्हणायची टाप होती? अहो, अशी माणसं काय कोकणातच असतात होय? आपल्याही वाड्यांतून होती की! भीती त्यांची वाटते. तिसऱ्या भागात त्याच अण्णांचं भूत केलं आणि सगळी धार गेली. भूत काय, मांत्रिक आणून बांधता येतं. जिवंत अण्णांना कोण बांधणार?

आमचे दादा म्हणतात, करमणूक म्हणून बघायचं, एवढा विचार कशाला? बघा की. पण मग 'तिसराच भारी' असं छातीठोकपणे सांगूही नका. अपूर्वा नेमळेकर मध्येच गेल्यावर शेवंता बदलली, त्यावर तर मी अजून बोललोच नाही..